अक्षरामागे तीन सेंट

अक्षरामागे तीन सेंट, माझा दर.
आकड्यांनाही तोच. स्वल्पविराम फुकट.
सोमवारी क्रिचलोचा थोरला आला,
हॅटवरचा बर्फ माझ्या दगडांवर झटकत,
बापाचं आयुष्य घडी घालून खिशात:
'काँग्रेसमन माननीय अल्फियस क्रिचलो.
दोन वेळा निवडून आले. कर्तव्यदक्ष. निर्भय.'

मी पेन्सिलीने मोजत गेलो.
मोजताना माणूस वाचावा लागत नाही,
या धंद्यातलं तेवढंच सुख.

पण याला मी ओळखत होतो.
पिंपं करणाऱ्याचा पोर.
ओकच्या फळ्या वाफेवर वाकवायचा,
भिंतीला टेकवलेलं कायद्याचं पुस्तक,
दर कड्यामागे एक पान.
वकील झाला तरी अंगठ्याच्या नखाखालचा
काळा डाग गेला नाही.
कालव्याच्या दाराशी मिठाच्या पिंपावर चढून
त्याने पहिलं भाषण ठोकलं, तेव्हा
बोटी ओढणारी खेचरंसुद्धा थांबली,
असं माझा बाप सांगे.
खेचरं तिथे रोजच थांबायची.
एकसष्ट मतांनी जिंकला.

टपालाचा रस्ता त्यानेच आणला,
खोटं कशाला बोलू;
त्याच रस्त्याने माझे दगड येतात.

मग अडतीसचा हिवाळा.
गावच्या बायकांनी अर्ज केला:
निदान राजधानीत तरी
माणसांचा बाजार बंद करा.
एकशे त्रेचाळीस सह्या,
कागदाला कागद डकवत केलेली गुंडाळी.
खळ आमच्या चुलीवर शिजली.
वाटी धरायला मी, वय वर्षं सात.
आईला लिहिता येत नव्हतं,
तिने फुली मारली, आणि शाई वाळेपर्यंत
त्या फुलीवर फुंकर घालत बसली.

तिकडे सभागृहाचा नियम:
असले अर्ज न वाचता मेजावर ठेवायचे.
क्रिचलो उठला. गुंडाळी दिली. बसला.
तोंडात गुळणी.
आणि नियम पुन्हा मताला आला तेव्हा
त्याचा हात नियमाच्या बाजूने.

आईने त्याच्याशी बोलणं टाकलं.
तो रस्त्यात हॅट काढायचा,
ती कालव्याच्या पाण्याकडे बघायची.
नंतर रेल्वे आली, पाणीही आटलं,
तरी ती तिकडेच बघायची.

त्याचा धाकटा युद्धात पडला,
बापाने जिचं नाव काढलं नव्हतं
त्याच गोष्टीपायी.
त्यानंतर म्हातारा रोज दुकानापुढून जाई,
हात मागे बांधून, काहीतरी मोजल्यासारखा.
एकदा थांबून म्हणाला,
'तुझी आई बरी आहे?'
तिला जाऊन चार वर्षं झाली होती.
मी म्हटलं, बरी आहे.

गुरुवारी टर्झाबाई आल्या, एकट्या.
दगडावर अजून खडूच होता.
म्हणाल्या, 'निर्भय काढ.'
मी म्हटलं, मुलगा चिडेल.
'चिडू दे. त्या गुंडाळीत माझी सही होती,
वरून तिसरी.'
त्याने पाहिली होती?
बाईंनी हातमोजा काढला, पुन्हा घातला.
'तेहतीस वर्षं एका टेबलावर जेवलो.
त्याने सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.'

दुसरा कुठला शब्द घालू, विचारलं,
तर नको म्हणाल्या. तेवढी जागा सोड.
आणि बाकड्यावर चोवीस सेंट ठेवले.
कोऱ्या जागेचे मी पैसे घेत नाही.
त्या दिवशी घेतले.

काळ्या दगडावरची रेघ म्हणतात लोक.
आमच्या खाणीतला दगड पिवळट, मऊ;
वारा-पाऊस त्यातलं नावसुद्धा चाटून नेतात,
आधी बारीक अक्षरं, मग मोठी.
कोऱ्या जागेचं त्यांना काही करता येत नाही.

ओल्या फडक्याने खडू पुसला.
खडू पुसल्यावर शब्द आणखी ठळक दिसला,
वाळेपर्यंत.

थोरला अजून हिशेब मागायला आलेला नाही.